धूलागडच्या वेशीवर

गार्डन रीच, कोलकाता
शनिवार सकाळ

प्रिय चैतू,

आईचं पत्र म्हटल्यावर तू दचकली असशील. हल्ली कागदावर लिहिलेलं काही फक्त बँकवाले पाठवतात, तेही काही तरी थकलं की. तसं काही नाही. बाबांची शुगर जाग्यावर आहे, आणि माझा गुडघा कुरकुरतो खरा, पण क्लच दाबण्याइतका शाबूत आहे. हो, क्लच. सुरुवात तिथूनच करते.

मी गाडी चालवायला शिकले. आपली गाडी बदलीच्या सामानाबरोबर इथे आल्यापासून कॉलनीतल्या ताम्हणाच्या झाडाखाली बुरखा घालून बसली होती. बाबांना ऑफिसची जीप, आणि मला कुठे न्यायचं तर त्यांना रविवार लागतो. मग एक दिवस मीच खिदिरपूरच्या मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये नाव घातलं. शिकवायला दत्तबाबू. आधी मला मॅडम म्हणायचे, पण एका हातगाडीवाल्याला मी जवळजवळ उचललंच, त्या दिवसापासून बौदी, म्हणजे वहिनी. “बौदी, ब्रेक! बौदी, ओ बौदी, ब्रेक!” या बंदरभागातल्या कंटेनरच्या ट्रकांमधून, उलट्या येणाऱ्या ऑटोंमधून आणि रस्ता ही घरची ओसरी समजणाऱ्या लोकांमधून ज्याने गाडी काढली, त्याला पुढे कुठेही भीती नाही, असं दत्तबाबूंचं म्हणणं. माझंही आता तेच म्हणणं आहे. बाबा एकदा शेजारी बसले. घरी येऊन त्यांनी देवाला नमस्कार केला आणि तेव्हापासून जीपनेच जातात.

तुला सांगितलं नाही, कारण तू हसली असतीस. आणि खरं सांगू, मला एकदा तुझ्यासमोर गाडी घेऊन उभं राहायचं होतं. ऐटीत, काच खाली करून.

पहिल्यांदा एकटी विद्यासागर सेतूवर गेले, तेव्हा टोलनाक्यावर काय झालं ते ऐक. मी आपली खिडकी उघडून थांबले, कुणी येईल, काही विचारील. कुणी आलं नाही. काचेवरचा फास्टॅग त्या यंत्राने वाचला आणि समोरचा दांडा आपला आपण वर गेला. मी दांड्याला थँक्यू म्हणाले. मागच्या बसवाल्याने जो हॉर्न वाजवला, तो पार बजबज गावापर्यंत ऐकू गेला असेल. पण मला किती आनंद झाला म्हणून सांगू! सत्तावन्न वर्षांच्या आयुष्यात माझ्यासाठी कुणी न विचारता रस्ता मोकळा केला नव्हता. तेव्हापासून बहुतेक शनिवारी मी आणि सुलभाकाकू (त्या बँकेतल्या चंद्रकांतरावांच्या) पूल ओलांडून, धूलागडचा टोल ओलांडून कोलाघाटला जातो. ती इलिश मासा खाते, मी तिला काटे दाखवते, आणि परत येतो.

आता मुख्य गोष्ट. गेल्या दसऱ्याला तू आली होतीस, आठवतंय ना? बाबांनी दोन्ही गाड्यांचे फास्टॅग एकदमच मागवले होते, आपल्या गाडीचा माझ्या मोबाइलवर आणि तुझ्या गाडीचा तुझ्या. तुझी गाडी पुण्यात, मग तिची पूजा कशी करायची? तर बाबांनी तोडगा काढला, गाडी नाही तर निदान तिचा टॅग पाटावर ठेवू. दोन्ही स्टिकर पाकिटातून काढले, शेजारी शेजारी मांडले, हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला, तू आपट्याच्या पानांवरून त्यांच्याशी वाद घातलास, मी पुरणपोळी करपते म्हणून ओरडले. मग बाबांनी पुन्हा ते पाकिटांत भरले. एक तुझ्या पर्समध्ये गेला, एक आपल्या काचेवर चिकटला.

दिवाळीनंतर एका शनिवारी सकाळी मी दाण्याचं कूट करत होते, तर फोन वाजला. आपल्या गाडीने खेड शिवापूरचा टोल भरला म्हणून संदेश! मी हात पुसत गॅलरीत गेले. गाडी खाली, बुरख्यात. वर मोलकरणीचं फडकंही वाळत होतं. बाबांना विचारलं तर म्हणाले, ही फसवणूक असते, कशावर बोट लावू नकोस. थोड्या वेळाने दुसरा संदेश, आनेवाडी. संध्याकाळी उलट क्रमाने दोन्ही. बुरखा घातलेली गाडी दिवसभर सातारा रस्त्यावर फिरून रात्री पुण्यात मुक्कामाला! तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जन्मभर रेल्वेच्या हजारो वाघिणी कुठली कुठे ते तोंडपाठ ठेवणाऱ्या तुझ्या बाबांनी घरातले दोन स्टिकर अदलाबदल केले होते.

मी लगेच सांगायला हवं होतं. पण त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा तेच आलं, खेड शिवापूर आणि आनेवाडी. त्याच्या पुढच्याही. मग मी नकाशा उघडून बसले. तू आनेवाडी ओलांडतेस, पण तासवडे कधी येत नाही. म्हणजे जे काही आहे ते साताऱ्यात, फार तर उंब्रजच्या अलीकडे. डोंगर बघायला कुणी दर शनिवारी तिथेच जात नाही, आणि तुला तर ट्रेकिंगचे बूट चावतात. नंतर तू कुरिअरने कंदी पेढे पाठवलेस आणि फोनवर म्हणालीस, पुण्यातच मिळाले गं. मी म्हटलं, हो का, छान आहेत. जीभ अशी चावली होती की पेढा तिखट लागला.

कारण मी तुला शब्द दिला होता. सुपारी फुटल्यावर तुझं ते लग्न मोडलं, तेव्हा जो तो तुला विचारत सुटला होता, काय झालं, कुणाचं चुकलं, आता पुढे काय. तू माझ्या मांडीवर डोकं ठेवून एवढंच म्हणालीस, आई, आता माझं मी सांगेपर्यंत तू तरी काही विचारू नकोस. मी हो म्हटलं. चैतू, मला न विचारणं म्हणजे काय, हे तुला ठाऊक आहे. मी भाजीवाल्याला त्याच्या सुनेचा कितवा महिना ते विचारते. पण तुला नाही विचारलं. फोनवर तुझा आवाज हळूहळू पहिल्यासारखा होत गेला, तू मधेच गुणगुणायला लागलीस, तेव्हाही नाही. फक्त शनिवारी सकाळी फोन जवळ घेऊन बसायचे. आनेवाडी आली की मला बरं वाटायचं. कुणीतरी आपल्या लेकीची वाट बघतंय, असं वाटायचं. एका शनिवारी काहीच आलं नाही, तर मी दिवसभर बाबांवर खेकसत होते आणि त्या बिचाऱ्यांना कारण कळेना.

आता तू म्हणशील, आईने पाळत ठेवली. थोडी ठेवली. पण तुझंही पितळ मला उघडं पडलेलं दिसतंय बरं का! जानेवारीत एकदा कोना एक्सप्रेसवेवर माझं चाक पंक्चर झालं आणि परतायला अंधार पडला. पूल ओलांडून घरी आले, चपला काढते न काढते तोच तुझा फोन. एरवी तू विचारतेस, काय करतेयस. त्या दिवशी पहिलाच प्रश्न, पोचलीस का? मी कुठून पोचणार होते, हे तुला कुणी सांगितलं होतं? तेव्हा उमगलं, की पुलाचे आणि धूलागडचे माझे सगळे संदेश तुझ्या फोनवर जातायत. तू माझी कोलाघाटची चैन कधीपासून बघत होतीस आणि एक अक्षर बोलली नाहीस. खाण तशी माती म्हणतात ते उगीच नाही.

मग पुढचा विचार आलाच. माझे तुझ्याकडे येतात, तर तुझे कुठे जात असतील, हे तुझ्यासारख्या कॉम्प्युटरवालीला सुचलं नसेल का?

हे मनात घोळत होतं, तोच हा आठवडा उजाडला. मैत्रिणींबरोबर कोकणात जाते म्हणालीस. बुधवारी खेड शिवापूर, आनेवाडी. म्हटलं, कोकणात जायची ही नवीनच वाट. त्याच संध्याकाळी परत आनेवाडी, खेड शिवापूर. गुरुवारी समृद्धी महामार्गावरून नागपूरला उतरलीस. शुक्रवारी रायपूर गेलं, अंधार पडायच्या सुमाराला संबळपूर आलं आणि फोन गप्प झाला. मी मनात म्हटलं, शहाणी माझी बाय, रात्रीची चालवत नाही. आणि आज सकाळी मी चहा ठेवते आहे, तर संबळपूरच्या पुढचा टोल. कोकणात जायला संबळपूर लागत नाही, चैतू. संबळपूरच्या पुढे आम्ही लागतो.

आणि नुसती आम्हाला भेटायला येणारी मुलगी विमानाने येते. आधी साताऱ्याला जाऊन, कुणाला तरी गाडीत घेऊन, अख्खा देश आडवा कापत येत नाही.

नाश्त्याच्या वेळी बाबांना सगळं सांगितलं. ते आनंदाने उडी मारतील, नाहीतर निदान नाव, गाव, नोकरी विचारतील असं वाटलं होतं. छे! त्यांचं एकच, “मी? अदलाबदल? अशक्य.” चष्मा घेऊन खाली गेले, काचेवरच्या स्टिकरचा नंबर वाचला, पुन्हा वाचला, आणि वर येऊन पोह्यांची बशी पुढे ओढली. मग म्हणाले, “गाडी ती चालवतेय की तो?” मी म्हटलं, मला काय माहीत. तर म्हणाले, “तीच चालवत असेल,” आणि डोळे पुसून पोहे खायला लागले. सोमवारी ते बँकेत जाऊन दोन्ही टॅग नीट करून घेणार आहेत, चूक ती चूक म्हणे. म्हणजे आनेवाडीची आणि माझी ताटातूट. असो. आजचा दिवस हाताशी आहे.

माझा बेत असा. आधी वाटलं, घरीच थांबावं, तू बेल वाजवलीस की किंचाळावं, अगं बाई तू कशी इथे, वगैरे. पण तो अभिनय मला जमायचा नाही, आणि दोन माणसांचा जास्तीचा स्वयंपाक बघून तू ओळखशीलच. शिवाय दुसरं एक मनात आलं. माझ्या लग्नात सीमांतपूजन कार्यालयाच्या जिन्याखाली झालं होतं. नवरा मुलगा गावाच्या वेशीवर आला की मुलीच्या आईबापांनी सामोरं जाऊन त्याला मानाने आत आणायचं, ही मूळची पद्धत. पण पुण्याला वेस कुठली उरलीय? म्हणून तुझ्या आजीने जिन्याशीच तुझ्या बाबांचे पाय धुतले, आणि हॉलचा वॉचमन पाणी सांडलं म्हणून ओरडला. कोलकात्याला मात्र वेस आहे, चैतू. दांडा आहे, दिवा आहे, टॅग वाचल्याशिवाय कुणाला आत सोडत नाहीत. विचारणार नाही असा शब्द मी तुला दिला होता. सामोरी येणार नाही असा नव्हता दिला.

तेव्हा दुपारी गाडीचा बुरखा काढणार आणि निघणार. बाबा शेजारी बसणार आहेत, स्वखुशीने, हे लिहून ठेव. धूलागडच्या पलीकडे मी आणि सुलभाकाकू चहाला थांबतो तो ढाबा आहे, तिथे गाडी लावीन. तुझ्या फोनवर आधी पूल वाजेल, मग धूलागड, आणि तू ओळखशील. तरी मी फोन करीनच, कारण माझ्याच्याने राहवणार नाही.

हे सगळं तोंडाने का नाही सांगितलं, तर त्याला कारण आहे. समोर तू दिसलीस की मला रडू येईल, नाहीतर मी बडबडत सुटेन, आणि बडबडीच्या भरात दिलेला शब्द मोडेन. तू बुधवारी त्याला आणायला गेलीस, ते मला कळावं म्हणूनच गेलीस का, हे टोलनाक्यांचं सांगणं म्हणजेच तुझं सांगणं का, एवढं एकच मला कळत नाहीये. मी लावलेला अर्थ चुकीचा असू शकतो. तो नुसता मित्र असेल, किंवा तुलाच अजून ठरवायचं असेल. म्हणून हे पत्र तुझ्या हातात देऊन, त्या मुलाला फक्त “दमलात का?” एवढं विचारून (हे विचारणं शब्दात धरायचं नाही) मी माझ्या गाडीत जाऊन बसणार आहे. सीटखाली नारळ आहे, हळदकुंकवाची कोयरी आहे, तांब्याभर पाणी आहे आणि नव्या गुळाचे संदेश आहेत (फोनवरचे नव्हेत, इथली छेन्याची मिठाई). तू सावकाश वाच. वाचून झालं आणि मी बरोबर समजले असेन, तर एकदा हॉर्न वाजव. मी नारळ घेऊन उतरेन. आणि नाही वाजवलास, तरी काही बिघडत नाही, राणी. संदेश सगळ्यांनी मिळून खाऊ, गाड्या एकामागे एक घरी नेऊ, उद्या त्याच नारळाची सोलकढी करीन, आणि एक अक्षर विचारणार नाही.

काच खाली करूनच बसते आहे.

तुझीच,
कान हॉर्नकडे लावून बसलेली
आई