फ्रेमची सॅक

बाबा, तुमच्या नातवाला शिकारीला जायचं होतं आणि त्याच्यासाठी सॅक मला निवडायची होती. मला ह्यातलं काही कळत नाही. मी इथे ओमानात, सहम गावातल्या एका दवाखान्यात रिसेप्शनवर बसते, पेशंटचे नंबर लावते, कुणाचा रिपोर्ट कुठे आहे ते शोधून देते. पण त्या आठवड्यात मी कामावरसुद्धा मोबाइलवर सॅकच बघत होते. ह्या पट्ट्याचा उपयोग काय, तो पट्टा तुटला तर काय, ही नळी डोक्याच्या मागे लागेल का. शेजारच्या खुर्चीवरची केरळची मुलगी मला चेची म्हणते, म्हणजे ताई. ती म्हणाली, "चेची, तुम्ही एव्हरेस्टवर चाललात काय?" मी हसले आणि पुढची सॅक उघडली.

माझा मुलगा एका अर्बाबकडे नोकरी करतो. अर्बाब म्हणजे इथल्या बोलीत मालक. शेतीचे पंप विकणारा माणूस आहे, साठीचा, दाढी पांढरी झालेली, आणि ह्याला मुलासारखं वागवतो. इथे ओमानात शिकारीला बंदी आहे, म्हणून तो दरवर्षी परवाना काढून किर्गिझस्तानच्या डोंगरात जातो. तिथे मोठ्या शिंगांचे रानबोकड असतात म्हणे. त्या वर्षी त्याच्या पुतण्याचा पाय मोडला आणि एक जागा रिकामी झाली. मी भाकऱ्या थापत होते आणि हा फ्रीजला टेकून सांगत होता, "मम्मी, मी शूट नाही करणार. मी फक्त कॅरी करणार." मी विचारलं, "काय कॅरी करणार?" तर म्हणाला, "मीट. अजून काय? त्याच्यासाठी फ्रेमवाली सॅक लागते. अर्बाब बोलला, आपली आपण घ्यायची, पाठीच्या मापाची." माझा हात पिठात तसाच राहिला. तव्यावरची भाकरी करपली तेव्हा त्यानेच गॅस बंद केला.

ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "चोवीस वर्षांचा घोडा झालाय तो. जाऊ दे की. तू उगाच जीव टांगणीला लावतेस." अर्बाब दर महिन्याला दवाखान्यात प्रेशर तपासायला येतो, म्हणून मी त्यालाही विचारलं, वाटेत नदी आहे का. तो हिंदीत म्हणाला, "छोटा छोटा पानी है, मम्मा. नो प्रॉब्लेम." मी म्हटलं, नीट सांभाळून आणा. त्याने छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "इन्शाल्ला." एरवी ह्या शब्दावर माझं समाधान होतं. त्या दिवशी झालं नाही.

तुम्हाला कारण माहीत आहे, बाबा. माझ्या मुलाला तेव्हा माहीत नव्हतं. आजोबा लवकर गेले, एवढंच मी त्याला सांगत आले होते आणि त्यानेही कधी पुढे विचारलं नाही. भात पोटरीत आला की डुकरं खाली उतरायची. गावात ठासणीची बंदूक तुमच्याकडेच होती, म्हणून माणसं तुम्हाला बोलवायला यायची. डुक्कर पडलं की त्याचे वाटे व्हायचे आणि आपला वाटा आई आत शिजवू द्यायची नाही, पडवीच्या बाहेर तीन दगड मांडून तुम्ही स्वतः शिजवायचात. कांदा कापायला मला बसवायचात. एकदा मी वासराचं दावं बांधत होते, तर तुम्ही मागून येऊन म्हणालात, "ही गाठ म्हणायची काय गो? पहाटेपर्यंत वासरू सगळं दूध पिऊन बसेल. गाठ कशी हवी, ओढली की आणखी घट्ट झाली पाहिजे." आणि माझ्या हाताला धरून ती गाठ मारायला शिकवलीत. मला ती अजून येते. सामानाच्या खोक्यांना मी तीच मारते आणि विमानतळावरून घरी आल्यावर हे सुरी शोधत बसतात.

तो दिवस मी फार वेळा आठवत नाही, पण सॅकचं निघाल्यापासून तो रोजच समोर येत होता. दोघं जण डुकराचं धड काठीला अडकवून पुढे निघाले आहेत. मागचे दोन फरे गोणपाटात गुंडाळून तुम्ही पाठीवर घेतलेत, सुंभ खांद्यांवरून आणून छातीवर बांधलाय. परतीचा पाऊस पडून गेलाय, आपल्या घरामागचा पऱ्या भरून वाहतोय, भरून म्हणजे मांडीएवढाच. तुमचा पाय दगडावरून सरकतो, तुम्ही पालथे पडता आणि पाठीवरचं ओझं पुढे सरकून डोक्यावर येतं. पुढच्या दोघांना वाटतं, तुम्ही येताय मागून. दिवेलागणीला तुम्हाला घरी आणलं तेव्हा सुंभ कोयत्याने कापलेला होता. आई बायकांमध्ये बसून तो कापलेला सुंभ हातात घेऊन गाठ सोडवत होती. भिजलेली गाठ. कुणीतरी तिच्या हातातून काढून घेईपर्यंत ती सोडवतच होती.

मस्कतला आम्ही दोघंच गेलो. गाडी तो चालवत होता. वाटेतलं खाबुरा गाव मागे पडेपर्यंत मी बोलले नाही, मग त्यानेच विचारलं, "मम्मी, आर यू अँग्री?" मी म्हटलं, रागावले नाही, विचार करतेय. दुकान मोठं होतं, तंबू, गळ, दुर्बिणी, स्टोव्ह, आणि मागच्या भिंतीवर सॅका. विकणारा तरुण पाकिस्तानातल्या डोंगराकडचा होता. त्याने मुलाच्या मानेच्या हाडापासून कमरेच्या हाडापर्यंत टेप लावून पाठ मोजली आणि तीन सॅका खाली काढल्या. एकीची फ्रेम आतमध्ये शिवलेली, हलकी. दुसरीची जाड प्लास्टिकची. तिसरीला बाहेरून अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या, खाली एक छोटी फळी, पिशवी सोडवून बाजूला ठेवायची आणि मांस सरळ फ्रेमला बांधायचं. तो समजावत होता की ओझं खांद्यावर नाही, कमरेच्या पट्ट्यावर यायला पाहिजे, म्हणजे माणूस दिवसभर चालतो. पट्टा कसा घट्ट आवळायचा तेही दाखवलं. 

मी विचारलं, "ये उतारने का कैसे?" तो म्हणाला, क्लिप दाबायची, झालं. मी म्हटलं, उभ्याने नको, पालथं पडून दाखवा. त्याला वाटलं माझं हिंदी चुकलं. मी मुलाला मराठीत सांगितलं, "सॅकमध्ये वजन भरून घे आणि जमिनीवर पालथा हो." दुकानात वाळूच्या पिशव्या होत्याच, वजन करून बघायला ठेवलेल्या. तो माझ्याकडे बघत राहिला. एक ओमानी कुटुंब तंबू बघायचं सोडून आमच्याकडे बघायला लागलं. "मम्मी, प्लीज. सगळे बघतायत." "बघू देत." "व्हाय पण? व्हॉट्स राँग विथ यू?" तेव्हा मी त्याला सांगितलं, बाबा. तिथेच, त्या सॅकांसमोर उभ्या उभ्या. पऱ्या म्हणजे काय तेसुद्धा त्याला कळत नव्हतं, म्हणून आधी ते सांगावं लागलं. मग सुंभ. मग गाठ. सांगताना मी रडेन असं वाटलं होतं, पण माझा आवाज दवाखान्यात नंबर पुकारताना असतो तसाच निघाला. त्याने मध्येच विचारलं, "पण पाणी तर कमी होतं ना?" मी म्हटलं, "हो. मांडीएवढं." त्याने वाळूच्या पिशव्या आत भरल्या. सॅक चढवली, छातीचं आणि कमरेचं बक्कल लावलं आणि त्या चकचकीत फरशीवर पालथा झाला.

त्याला ती काढता येईना. छातीचं बक्कल हाताला लागलं, पण कमरेचं त्याच्याच पोटाखाली दबलं होतं आणि वरून वजन. तो कुशीवर वळायला बघत होता आणि नळी फरशीवर खरखरत होती. मग दुसरी सॅक, मग तिसरी. तिन्हींचं तेच. मी गुडघ्यावर बसून त्याच्या पोटाखाली हात घालून क्लिप शोधत होते आणि मला ती सापडत नव्हती. मी म्हटलं, नको, काहीच नको, चल घरी. तेव्हा तो विकणारा मुलगा आमच्याजवळ खाली बसला. माझ्या मुलाने त्याला हिंदीत थोडक्यात सांगितलं. तो म्हणाला, "आंटी, गिरने के बाद कुछ नहीं खुलता. हमारे यहाँ पानी में पैर रखने से पहले खोलते हैं. कमर का भी, सीने का भी. फिर गिरे तो सामान अलग, आदमी अलग." आणि त्याने स्वतः सॅक चढवून दाखवलं. दोन्ही बक्कलं उघडी, पट्टे फक्त खांद्यावर. जरासा वाकला, खांदा खाली सोडला, आणि सॅक धपकन बाजूला पडली.

एवढंच होतं, बाबा. मी जे सॅकमध्ये शोधत होते ते सॅकमध्ये नव्हतंच. पाण्याच्या काठावर क्षणभर थांबायचं आणि छातीवरची गाठ सोडायची, एवढंच. तुम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगितलं असेल ते उलटंच, गाठ घट्ट मार, वाटा पाण्यात जायला नको, घरात माणसं वाट बघतायत. आम्ही अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांची घेतली. बक्कल तिचं सगळ्यांत मोठं होतं, थंडीने बधिर झालेल्या बोटांनाही सापडेल असं, आणि कापड मातकट होतं, अर्बाबने सांगितल्यासारखं. परत येताना त्याने विचारलं, आजोबा दिसायला कसे होते. मी सांगत राहिले आणि सहम कधी आलं ते कळलं नाही.

तो गेल्यावर मात्र पुन्हा तेच. डोंगरात फोनला रेंज नव्हती. जाताना विमानतळावर मी त्याला एकच वाक्य तीनदा सांगितलं आणि तिसऱ्यांदा त्याने ते माझ्याबरोबर म्हटलं, "पाण्यात पाय टाकायच्या आधी." तरी मला वाटत राहिलं की तो लाजेल. पुढे अर्बाब, मागे वाटाड्या, सगळे सरळ पाण्यात शिरतायत, अशा वेळी चोवीस वर्षांचा मुलगा काठावर उभा राहून पट्टे सोडेल का? दवाखान्यात कुणी मान प्लास्टरमध्ये घालून आलं की माझं टोकन चुकायचं. घरी मी नळ नीट बंद करून ठेवायचे, थेंब पडलेला ऐकवत नव्हता. ह्यांना काही बोलले नाही. पण हेसुद्धा जेवताना मोबाइल ताटाशेजारी ठेवायला लागले होते.

तो आला तेव्हा ओठ फुटलेले, नाकाची सालं निघालेली, आणि भूक अशी की पातेल्यातूनच खायला लागला. खाता खाता सांगितलं, जशी कुठलीही गोष्ट सांगावी तसं. पहिल्या दिवशी पट्टे सोडले तर वाटाड्या हसला. अर्बाबने कारण विचारलं. ह्याने मोडक्यातोडक्या अरबीत आजोबांचं सांगितलं, तर पुढच्या पाण्याला अर्बाबनेही आपले पट्टे सोडले. शेवटच्या दिवशी बोकडाचं मांस ह्याच्या फ्रेमला बांधलेलं होतं. पाण्याच्या मध्यावर पाय सरकला. "मी पूर्ण खाली गेलो, मम्मी. पाणी नाकात. खांदा हलवला आणि सॅक गेली. मी उभा राहिलो तर पाणी इथपर्यंतच." त्याने हात मांडीवर ठेवला. सॅक खाली दगडांना अडकली होती, ती नंतर काढली. मांस सगळं भिजलं. अर्बाब काठावरून ओरडला, "खलास, खलास, गोश्त जाने दो, तुम आओ." मी डाव हातात धरून उभी होते. म्हटलं, "लागलं कुठे?" म्हणाला, "गुडघ्याला थोडंसं. अजून डाळ आहे?" मी त्याला डाळ वाढली. हे उठून बाल्कनीत गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

ही गोष्ट मी इतरांना सांगते तेव्हा इथेच थांबते, आणि सगळे म्हणतात, आजोबांनीच वाचवलं. मला तसं वाटत नाही. तुम्ही त्या दिवशी वाचला असतात तर त्याला पट्टे सोडायला नाही, गाठ घट्ट मारायलाच शिकवलं असतंत, आणि तुम्ही असतात म्हणून मला तेही चाललं असतं.

हे पत्र कुणी वाचणार नाही, म्हणून आणखी एक लिहिते. तो कामावर गेल्यावर एक दिवस मी सॅक काढली, तिच्यात तांदळाची मोठी पिशवी आणि पाण्याच्या बाटल्या भरल्या, दोन्ही पट्टे लावले आणि स्वयंपाकघरात पालथी झाले. ओझं हळूहळू मानेवर सरकलं. गाल गार फरशीला लागला होता आणि श्वास पुरा आत जात नव्हता. अंग जरा वर उचललं तेव्हा कमरेचं बक्कल मला सापडलं, बोट त्याच्यावर होतं. पण मी ते लगेच दाबलं नाही, बाबा. कुकरची शिट्टी होईपर्यंत तशीच पडून राहिले.