जारचं गोडं पाणी

धाराशिव, मंगळवार, संध्याकाळ

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातला वाफेचा ओव्हन परत बंद, म्हणून दुरुस्तीला गेलो. टाकी भरलेली, तरी सेन्सर म्हणतो पाणी नाही. मागच्या खेपेला बोअरच्या क्षारानं सेन्सर पांढरा पडला होता, तेव्हा 'यात बोअरचं का घालता?' म्हणून स्वयंपाकीण शेवंतामावशींना मीच सगळ्यांदेखत झापलं होतं. आज नवा सेन्सर बसवला, तरी तेच!

"साहेब, आता जारचं गोडं पाणीच घालते की. आमी पितो बोअरचं," मावशी म्हणाल्या.

तेव्हा कळलं. हा सेन्सर क्षारावरच पाणी ओळखतो. जारचं इतकं शुद्ध पाणी त्याला दिसतच नाही. तांब्याभर बोअरचं ओतलं, लाल दिवा विझला. 'झालं' म्हणून निघालो. चूक माझी होती, एवढं बोलायला काय झालं होतं मला? जार मशीनपाशीच राहिला. मावशी अजून बोअरचंच पीत असतील. माझ्या धाकानं.