जिन्याखालची पेटी आणि नववं मिनिट

मेव्हणेबुवांस सप्रेम नमस्कार.

तुमचा गुडघा एव्हाना ताळ्यावर आला असेल असं धरून चालतो. (नसला तरी तुम्ही कबूल करणार नाही, हे तुमच्या ताईने मला लग्नातच सांगून ठेवलं होतं.) मी ठणठणीत आहे आणि आमचा वृद्धनिवास सध्या एका पेटीने भारावून गेला आहे.

त्याचं असं झालं. इथे खोल्या साठ, प्रत्येकाच्या हातात टॅबलेट, आणि ज्याला जो व्हिडिओ हवा तो त्याच्या लहरीप्रमाणे. सगळे एका बारक्या लाइनवरून कुठल्याशा दूरच्या कोठारातून ओढायचे, त्यामुळे दुपारी चारला पडद्यावर नुसतं चक्र फिरायचं. मागच्या महिन्यात एक तंत्रज्ञ बाई आल्या आणि जिन्याखालच्या कपाटात, चादरींच्या वरच्या फळीवर, डब्याएवढी पेटी बसवून गेल्या. एकाने पाहिलेलं ती जवळ ठेवते आणि दुसऱ्याने मागितलं की तिथूनच देते. मी चाळीस वर्षं टपालाच्या वर्गीकरणात घालवली. एकच पत्र एकदाच यावं, ते साठ जणांना मिळावं आणि ज्याने त्याने सवडीने पहिल्या ओळीपासून वाचावं, असं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं. त्या कपाटापुढे मी टोपी काढून उभा राहिलो. (बाईंनी विचारलं, तेव्हा उकडतंय म्हणालो.)

ताईचा तो शिवणकामाचा व्हिडिओ आठवतो ना, काज कसं करावं ते शिकवणारा? नवव्या मिनिटाला सुईत दोरा जात नाही आणि ती हसते. ती गेल्यापासून दोन वर्षं मी तो लावतोय आणि नेमकं आठव्या मिनिटाला चक्र. बाकीचे पेटीवर गेले, लाइन मोकळी झाली आणि त्या दिवशी ती सलग हसली हो. मी खुर्चीत बसून रडलो, तुमच्यापासून काय लपवायचं.

मग बाई सहज बोलून गेल्या की जागा संपली की कुणी न पाहिलेलं पेटी टाकून देते, आणि व्हिडिओचे बारीक तुकडे असतात, त्यातले ज्यांना गिऱ्हाईक नाही ते आधी जातात. ताईच्या व्हिडिओला गिऱ्हाईक मी एकटाच. मी दारोदार फिरून विनवण्या केल्या. माणसं भली, सगळ्यांनी लावला, पण दोन-दोन मिनिटं, तोंडदेखला. म्हणजे पेटी ताईचं प्रास्ताविक जपणार आणि हसू फेकून देणार. शेवटी जो नऊ मिनिटं पाहील त्याच्या शर्टाला मी स्वतः बटण लावून देईन असं जाहीर केलं. (माझी बटणं दोन दिवसांत गळतात, त्यामुळे कुणी फिरकलं नाही.) तारलं ते पलीकडच्या खोलीतल्या निवृत्त नर्सबाईंनी. त्यांनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहून एक झकास काज केलं, मग सगळ्यांनाच चेव आला. आता इथल्या खिडक्यांच्या पडद्यांनासुद्धा काजं आहेत.

तुमचे,
भावोजी

ता. क. रविवारी गुडघ्यासकट या.

आणखी एक ता. क. बाईंनी काल खुलासा केला की पेटीने टाकलं तरी मूळ प्रत कोठारात कायम असते, आणि लाइन मोकळी असल्यामुळे मी एकट्याने पाहिलं तरी व्हिडिओ अडणार नाही. तुम्ही यंत्रांतले जाणकार, इथे आल्यावर हे कुणापाशी बोलू नका, एवढ्यासाठीच हे सगळं लिहिलं. रोज चारला सगळे तो लावतात, आपापल्या खोलीत, कुणी जरा आधी, कुणी जरा मागून. तुमची ताई पहिल्या खोलीत हसते, मग तिसऱ्या, मग समोरच्या, आणि मी व्हरांड्यातून तिच्या मागे मागे चालत जातो.