मालाडचे मनोरे आणि मोडलेलं स्थळ

उत्तन, शनिवार

ती. कार्मिन मावशीस नोराचा मनापासून नमस्कार.

तू आणि काका बरे असाल, तुमच्या कोंबड्याही अंडी देत असतील असं धरून चालते. इथे आईचा खोकला थांबलाय, माझी शाळा नीट चालू आहे, बाबांची तब्येत उत्तम आहे. त्यांच्या मनःस्थितीबद्दल पुढे लिहिते. कलिन्याच्या स्थळाचं काय झालं असं तू विचारलं होतंस. ते मोडलं. कसं मोडलं ते क्रमानंच सांगते, कारण बाबा भेटले तर सगळा दोष रेडिओवाल्यांना देतील, आणि ते अर्धंच खरं आहे.

लढाई संपल्यावर मायदेशी निघालेल्या एका गोऱ्या साहेबाकडून बाबांनी मोटार घेतली, हे तुला ठाऊक आहे. (सुके बोंबील बाजारात न्यायला घेतली असं ते सांगतात. बोंबील अजून बैलगाडीनंच जातात. वास मात्र कसा कोण जाणे मोटारीला लागलाय.) त्या मोटारीत रेडिओ आहे. इथल्या पाली गावापासून डोंगरी गावापर्यंत दुसऱ्या कुणाच्याही मोटारीत रेडिओ नाही, असं बाबा अभिमानानं सांगतात. दुसरी मोटारच नाही, हे सांगत नाहीत. आमच्या गावात त्याचा आवाज इंजिनाच्या खरखरीखाली पार दबतो. म्हणून बाबांनी आवाजाचं बटण शेवटपर्यंत पिळून ठेवलं होतं आणि ते तिथेच अडकून बसलं होतं. गावात त्यानं काही बिघडत नव्हतं.

गेल्या महिन्यात हेन्री आणि त्याची आई मर्थाबाई आमचं घर बघायला आले. हेन्री टेलिफोनच्या ऑफिसात आहे, कमी बोलतो. मर्थाबाई त्याच्या वाटचंही बोलतात. जेवणं झाली, सुरमई त्यांना पसंत पडली, मीही बहुतेक पडले असावे. मग त्यांना कलिन्याला मोटारीनंच पोचवायचं बाबांनी ठरवलं, म्हणजे वाटेत रेडिओ ऐकवता येईल. बोलणं पुढे सरकावं म्हणून आईनं मलाही बसवलं. हेन्री पुढे बाबांशेजारी, मी आणि मर्थाबाई मागे.

दहिसर मागे पडेपर्यंत रेडिओ कढईतल्या मासळीसारखा चरचरत होता आणि बाबा त्या चरचरीलाच गाणं म्हणत होते. बोरिवलीपाशी मर्थाबाईंनी मुद्द्याला हात घातला. लग्नानंतर मुलगी शाळेत शिकवणार का? त्यांना ते चालणार नव्हतं. बाबांनी मला निघतानाच बजावलं होतं, “न्हाय म्हण. पुढचं पुढं बघू.” मी उत्तराची जुळवाजुळव करत होते, एवढ्यात मालाडकडचे रेडिओचे उंच मनोरे दिसू लागले.

चरचर एकाएकी थांबली आणि एक गृहस्थ मोटारीत येऊन बसल्यासारखे शेळ्यांच्या खुरांच्या रोगावर बोलू लागले. आवाज इतका की काचा थरथरत होत्या. दुसरं स्टेशन लावावं म्हणून बाबांनी सुई या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली, तर सगळीकडे तेच गृहस्थ आणि त्याच शेळ्या. (मनोऱ्याच्या इतकं जवळ गेलं की दुसऱ्या कुणाला आत यायला वावच उरत नाही, असं हेन्रीनं मला नंतर समजावलं.) मग बाबांनी आवाजाचं बटण जोर लावून उलटं पिळलं. ते त्यांच्या हातात आलं. त्यांनी ते खिशात टाकलं आणि काय करावं हे सुचेपर्यंत मोटार हळू केली, त्यामुळे मनोऱ्यांचा सहवास आम्हाला जास्तच घडला.

आपला प्रश्न टाळायला बाबांनी हे मुद्दाम लावलं, असा मर्थाबाईंचा समज झाला. त्या माझ्या कानाशी ओरडून तेच विचारू लागल्या. मी दोनदा बाबांचं उत्तर दिलं. शेळ्यांपुढे ते कुणालाच ऐकू गेलं नाही. नाहीतरी ऐकू जातच नाही, तर निदान खरं बोलावं, असं मला वाटलं, आणि तिसऱ्यांदा मी सगळं बळ एकवटून तोंड उघडलं. त्याच क्षणी हेन्रीनं खाली वाकून वायरी उपटल्या. रेडिओ बंद पडला, इंजिनही बंद पडलं, आणि त्या शांततेत माझं वाक्य अगदी स्वच्छ उमटलं.

“शाळा मी सोडणार नाही. लग्न राहिलं तरी चालेल.”

मर्थाबाई कलिन्यापर्यंत खाली उतरल्या नाहीत. बाबा स्टिअरिंगच्या चाकाशी बसले. मोटार हेन्रीनं आणि मी ढकलली.

“उत्तर ऐकायचं होतं, म्हणून वायर काढली,” हेन्री ढकलता ढकलता म्हणाला. “चुकून एक जास्तीची निघाली.”

ऐकून काय वाटलं, असं मी विचारलं.

“सोडू नका,” तो म्हणाला.

(ती वायर जागच्या जागी लावता येते, हे त्याला ठाऊक असावं. मालाडचा बाजार दिसेपर्यंत त्यानं ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.)

चार दिवसांनी मर्थाबाईंचा निरोप आला: पोरगी चांगली हाय, पण आवाज मोठा हाय. बाबा आता मनोरे रस्त्यापासून लांब न्यावेत असा अर्ज लिहितायत आणि त्यातलं शुद्धलेखन मी तपासायचंय. बाकी सर्व क्षेम. काकांना नमस्कार, पोरांना गालगुच्चे.

तुझी,
नोरा

ता. क. स्थळ मोडल्याचं मला वाईट वाटत असेल म्हणून आई मला कामं सांगत नाही. तू तिचा गैरसमज दूर करू नकोस.

आणखी ता. क. पुढच्या रविवारी मला वसईला जेवायला बोलावतेस, असं बाबांना तुझ्या हातानं दोन ओळी लिही. मोटार नको, मी खाडीतून होडीनं येईन. आणि मर्थाबाई तुझ्या शाळेतल्या मैत्रीण आहेत, असं काल कळलं, तर त्यांनाही बोलाव. त्यांना पटवण्याचं काम तू करणार आहेस. हेन्रीला तुझं आमंत्रण मी परवाच दिलं. तो येतोय, आणि त्यानं तुझे आभार मानलेत.