वरची फळी

गुरुवार, ७ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही सगळे ठीक आहोत, तुम्हीही असालच. रविवारी तुम्ही रागाने फोन ठेवलात आणि नंतर उचलला नाहीत, म्हणून हे पत्र. फोनवर तुमच्यापुढे माझं काही चालत नाही. पत्राला मधेच तोडता येत नाही, एवढाच माझा फायदा.

इकडची खबर म्हणजे पाळणाघरातल्या पोरांचीच. आमचा रांगोबा आता धरून उभा राहतो आणि उभं राहिल्यावर खाली बसायचं कसं ते न कळून भोकाड पसरतो. पाच वर्षांच्या वकीलबाई पुढच्या वर्षी शाळेत जातील. मला त्या शाळेचीच काळजी वाटते. काल खेळणी फिरवली. पद्धत आईंचीच, पंधरा दिवसांनी अर्धी खेळणी खोक्यात आणि खोक्यातली बाहेर. पोरं विसरली की जुनंच नवं होतं, असं त्या म्हणायच्या. रांगणाऱ्यांचं खालच्या फळीवर, मधल्यांचं मधे, आणि मणी, बारके ठोकळे, सुटी चाकं वरच्या फळीवर, जिथे फक्त मोठ्या पोरांचाच हात पोचतो. त्यांची ती पुठ्ठ्याची नळी आठवते ना? त्यातून जे आरपार जाईल ते पोराच्या घशातही जाईल, म्हणून ते वर. मी लग्न होऊन आले तेव्हा माझे कानातले डूलही त्यांनी नळीत घालून पाहिले होते आणि काढून ठेवायला लावले होते. नवी नवरी आठवडाभर बुच्च्या कानांनी वावरली.

आई बऱ्या आहेत, असं मी दर वेळी सांगत आले. खोटं नव्हतं ते. जेवतात, झोपतात, पाय ठणठणीत आहेत. जे सांगितलं नाही ते असं, की आई एकेक फळी खाली येत गेल्या. गेल्या वर्षी मोठ्यांबरोबर चित्रांचे तुकडे जुळवायच्या, शेवटचा तुकडा पदराआड लपवून ठेवायच्या, म्हणजे तो आपल्यालाच लावायला मिळावा. मग ते जमेना, चिडून उधळायला लागल्या. मी मधल्या फळीवरचं द्यायला लागले. आता दांडीत रंगीत चकत्या घालतात. लहान चकतीवर मोठी ठेवतात आणि माझ्याकडे बघतात. मी टाळ्या वाजवते. दुसरं काय करू?

पण हात काही खाली आला नाही, ताई. तो वरच्या फळीला आरामात पोचतो. फळ्या उंचीने लावल्या होत्या, त्यात ही शक्यता कुणी धरलीच नव्हती.

गेल्या महिन्यात मी दूध तापवत होते. वकीलबाई ओरडल्या, "मावशी, आजी बाळाला मणी भरवतायत!" धावले. आई रांगोबाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, लाल मण्यांची वाटी शेजारी. "खा रे राजा, खा." एक मणी आत गेलाही होता. बोट घालून काढला. पोरगं रडलंसुद्धा नाही. आणि आई मलाच रागावल्या, "उपाशी आहे गं तो. तोंडातला घास काढलास कशाला?"

संध्याकाळी मीच त्याच्या आईला सांगितलं. ती त्याला घट्ट धरून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तो येणार नाही असंच मी धरून चालले होते. ती घेऊन आली, पण दारातच विचारलं, "त्या असतील का खोलीत?"

वरची फळी सगळी कुलपात गेली. मोठी पोरं फुगून बसली. वकीलबाईंनी खटला भरला, "आजी मोठ्या आहेत ना? मग आमचं का बंद?" म्हटलं, आजी आता लहान होतायत. तर ती म्हणाली, "मग त्यांनाही संध्याकाळी घरी घेऊन जायला कोणी येत का नाही?"

आईंना आतल्या खोलीत बसवून पाहिलं. पोरांचा आवाज आला की दार ठोठावतात, "पोरं रडतायत, मला सोडा!" ते ऐकत दुसऱ्यांच्या पोरांना गोष्ट सांगायची म्हणजे काय, ते तुम्ही एकदा येऊन करून बघा. चिडून लिहिलं, पण खोडत नाही.

रविवारी मी एवढंच म्हटलं की आई आणि पोरं दोन्ही सांभाळणं जमत नाही, तर तुम्ही म्हणालात, पोरं परक्यांची, आई घरची, तर पाळणाघर बंद कर. मी केलं होतं हो. त्या मण्यानंतर आठवडाभर केलं. तुम्हाला बोलले नाही. आई सकाळपासून चकत्या मांडून वाट बघत बसायच्या. दुपारी म्हणायच्या, माझं काय चुकलं म्हणून कोणी पोरं पाठवत नाही? आणि रडायच्या. मला बघवेना, मी परत उघडलं. त्यांना पोरांशिवाय ठेवता येत नाही आणि पोरांजवळ बसवता येत नाही, असं हे आहे.

तुमच्या भावाने शहराबाहेरच्या संस्थेत जागा पाहिली आहे. मीही जाऊन आले. स्वच्छ आहे, माणसं चांगली वाटली. म्हातारी माणसं ओळीने भिंतीकडे बघत बसली होती. सोमवारी न्यायचं ठरलंय, आणि ताई, होकार मी दिला. त्याने नाही, मी. ज्यांनी मला हे सगळं शिकवलं त्यांना पोचवायला मीच तयार झाले. त्या दिवसापासून मला घास गोड लागत नाही.

आता जे मागायला हे पत्र लिहिलं ते मागते. तुमची जागा दोन खोल्यांची, तुमची नोकरी, सगळं ठाऊक आहे. पण तुमच्या घरी त्यांना पोरांची वाट बघायची सवय नाही. तिथे कदाचित त्या शांत राहतील. दिवसा माणूस ठेवावं लागेल, ते आम्ही बघू. नाही म्हणालात तर मनात काही ठेवणार नाही. पण विचारलंच नाही, असं मला नंतर वाटायला नको.

आलात तर संध्याकाळी या. आया पोरांना न्यायला येतात तेव्हा आई दारात जाऊन उभ्या राहतात आणि प्रत्येकीला हसून विचारतात, "तुमचं कोणतं हो?" तुम्हालाही विचारतील. ओळखणार नाहीत, आधीच सांगते. तिथे रडू नका, त्या घाबरतात. नुसता त्यांचा हात धरा आणि म्हणा, "हे माझं. न्यायला आलेय."

रविवारपर्यंत वाट बघते.

तुमची,
वहिनी