बारा संगणकांतली एक वाजताची हाक

प्रति,
माननीय संगणक व्यवस्था अधिकारी,
सार्वजनिक वाचनालय विभाग,
मुख्य कार्यालय.

अर्जदार : निवृत्त गणित शिक्षक, वाचनालयाच्या बालविभागात विनावेतन शिकवणारा.

विषय : बालविभागातील बारा संगणक पुसून नव्याने भरण्यापूर्वी त्यांतील एक आवाज राखून ठेवण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या तंत्रज्ञांचा तपासणी अहवाल. २) येत्या सोमवारी सर्व संगणक पुसण्याचा आपला आदेश.

महोदया,

१. अर्जदार वाचनालयाच्या बालविभागात दुपारच्या वेळी मुलांना संगणक शिकवतो. तो विभागाचा कर्मचारी नाही, असे अहवालात दोनदा म्हटले आहे. ते खरे आहे आणि त्याबद्दल अर्जदाराची काही तक्रार नाही.

२. सदर बारा संगणक एका बंद झालेल्या विमा कचेरीने वाचनालयाला दिले. ते आले तेव्हा त्यांच्या हार्ड डिस्क कोऱ्या होत्या. विभागाकडून माणूस येईल असे सांगण्यात आले होते. तो येईपर्यंत मुले काळ्या पडद्यांसमोर बसून कीबोर्ड बडवत आणि जाताना, "सर, मी अख्खं पुस्तक टाइप केलं, तुम्हाला दिसत नाही त्याला मी काय करू?" असे ऐकवून जात. माणूस काही आला नाही. अर्जदाराच्या घरचा संगणक त्याच कचेरीने पूर्वी विकलेला, त्याच घडणीचा होता आणि मुलांसाठी बनवलेले सगळे धडे त्यात तयार होते. एकेका यंत्रात तेच ते पुन्हा भरत बसण्यापेक्षा घरची डिस्कच जशीच्या तशी बाकीच्या डिस्कवर उतरवावी असे अर्जदाराने ठरवले. ग्रंथपालांची तोंडी संमती होती. एकेक डिस्क कापडी पिशवीतून घरी न्यायची, स्वयंपाकघरातल्या टेबलावर घरच्या डिस्कशेजारी जोडायची आणि भरेपर्यंत समोर बसायचे, असे ते काम चालले. समोर बसण्याची तशी गरज नव्हती. परंतु घरात दुसरा कसलाच आवाज नसल्याने डिस्कची घरघर सोबतीला बरी वाटे.

३. हे काम म्हणजे काय, ते अर्जदाराने मुलांना असे समजावले होते : आपण शेजाऱ्याच्या वहीतला धडा उतरवून घेतो तेव्हा फक्त अक्षरे घेतो. ही नक्कल तशी नसते. ती शाईचा डाग घेते, समासात काढलेले मांजर घेते, आणि पान फाटलेले असले तर फाटलेलेच घेते. मुलांना हे लगेच समजले. शिकवणाऱ्याला मात्र ते पुरते समजले नव्हते, असे पुढील मजकुरावरून आपल्या ध्यानात येईल.

४. अहवालाचा पहिला आक्षेप असा की, बाराही यंत्रांचे नाव "स्वयंपाकघर" असे असल्याने विभागाच्या जाळ्यात एका वेळी एकच स्वयंपाकघर शिरू शकते आणि बाकीची अकरा दाराबाहेर राहतात. हा आक्षेप शंभर टक्के बरोबर आहे. घरचा संगणक स्वयंपाकघरात असे म्हणून त्याला ते नाव दिले होते आणि नकलेबरोबर ते सगळीकडे गेले. ही दुरुस्ती अवश्य व्हावी. तसेच भाचीच्या लग्नाचे फोटो आणि गळक्या नळाबद्दलच्या तक्रारीचा मसुदा हेही बाराही ठिकाणी सापडले. तेही काढावे. तो नळ आता दुरुस्त झाला आहे.

५. खरा प्रश्न दुसऱ्या आक्षेपाचा आहे. अहवालाचे शब्द असे आहेत : "यंत्रे दररोज दुपारी वाचकांना औषध घेण्याचा सल्ला देतात. असा सल्ला देण्याचा विभागास अधिकार नाही." याविषयी खुलासा असा. अर्जदाराला रक्तदाबाची गोळी दुपारी घ्यावी लागते आणि मुलांचे धडे बनवण्यात तो ती विसरतो. अर्जदाराची पत्नी त्या वेळेला शिवणाच्या वर्गावर शिकवायला जाई. म्हणून तिने एक युक्ती केली. स्वतःच्या आवाजात निरोप भरून तो रोज एक वाजता आपोआप वाजेल अशी सोय तिने अर्जदाराकडूनच करून घेतली. निरोप पुढीलप्रमाणे : "अहो, एक वाजला. गोळी घेतलीत का? उपाशीपोटी नका घेऊ, आधी दोन घास खा. आणि उठताना पंखा बंद करा, मी सांगितल्याशिवाय तुमचा हात जायचा नाही तिकडे."

६. पत्नीचे दोन वर्षांपूर्वी निधन झाले. त्यानंतर दुसऱ्या दिवशीही एक वाजलाच. अर्जदाराने तेव्हा स्पीकरच्या बटणावरून संगणकाचा आवाज बंद केला तो कायमचा. निरोप मात्र काढून टाकला नाही, तेवढे धैर्य झाले नाही. आवाज बंद असल्याने तो आत आहे ही गोष्टच मागे पडली आणि डिस्क उतरवताना ध्यानात आली नाही. वाचनालयातल्या यंत्रांचे स्पीकर चालू होते. वर्गाच्या पहिल्याच दिवशी अर्जदार फळ्याकडे तोंड करून उभा असताना पाठीमागून बारा ठिकाणांहून "अहो, एक वाजला" असे ऐकू आले. त्या दिवशीचा धडा पुढे झाला नाही, याची नोंद कोठे घ्यायची असल्यास घ्यावी.

७. अर्जदार त्याच संध्याकाळी निरोप काढून टाकणार होता. परंतु मुलांनी विचारले, "सर, ही कोण?" आणि अर्जदाराने सांगितले, "आजी." तेवढ्यावर विषय मिटला. दुसऱ्या दिवशी एक वाजता सगळ्या वर्गाने एका सुरात "घेतली, आजी!" असे उत्तर दिले. वास्तविक कोणीच काही घेतले नव्हते. तेव्हापासून दारावरचे शिपाई, ज्यांना मुले मामा म्हणतात, ते आपली साखरेची गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन त्या वेळेला आत येऊन उभे राहतात. त्यांचे म्हणणे, "घरी मला कोणी एवढ्या प्रेमानं विचारत नाही." एक वाजता पंखा बंद करण्याचा मान रोज एकेका मुलाला मिळतो. त्यावरून भांडणे होतात, हे कबूल आहे.

८. "सर्व यंत्रे एकाच वेळी आवाज करतात" असे अहवालात आहे. ही एकच गोष्ट चूक आहे, म्हणून ती येथे दुरुस्त करणे भाग आहे. पहिल्या दिवशी तसे होते. यंत्रे जुनी आहेत आणि त्यांच्या आतल्या घड्याळांचे सेल थकलेले आहेत. कोणते घड्याळ थोडे पुढे गेले, कोणते मागे पडले. आता निरोप आधी खिडकीजवळच्या टेबलावर येतो, मग कपाटाजवळ, मग मधल्या रांगेत, आणि सर्वांत शेवटी दाराजवळच्या सातव्या क्रमांकावर. कोणीतरी टेबलाटेबलाशी थांबत, विचारपूस करत खोलीभर फिरून दाराने निघून जावे, तसे ते ऐकू येते. मुले याला आजीची फेरी म्हणतात. फेरी दारापर्यंत पोहोचेपर्यंत कोणी उठत नाही. अर्जदारही उठत नाही.

९. आपण विचाराल की, अर्जदाराच्या घरी मूळ डिस्क आहेच, मग हा अर्ज कशासाठी? ती आता घरी नाही. पावसाळ्यापूर्वी सातव्या संगणकाची डिस्क करकर करून बंद पडली आणि एका खुर्चीवर दोन दोन मुले बसू लागली. अर्जदाराने घरची डिस्क काढून तेथे बसवली. घरी ऐकणारा एकटाच होता आणि त्यालाही तेथे एकट्याने ऐकवत नव्हते. चार मुलांच्या गलक्यात ऐकवते. त्यामुळे आज जे काही आहे ते सगळे त्या खोलीत आहे, आणि खोलीची किल्ली तपासणीनंतर विभागाकडे आहे. वर्गापुरती खोली उघडते, परंतु यंत्रांतून काही उतरवून घेण्यास मनाई आहे.

१०. आपले तंत्रज्ञ सज्जन आहेत. अर्जदाराने त्यांना दारातच गाठून विनंती केली, तेव्हा ते म्हणाले, "काका, आवाज काढून द्यायला मला दोन मिनिटं लागतील. पण यंत्रातलं काहीही बाहेर द्यायचं तर वरून लेखी पाहिजे. पुसायला लेखी आहे, द्यायला नाही." अर्जदाराने विचारले की, पुसताना चुकून राहिले तर? त्यावर ते हसले आणि म्हणाले, "पुसल्यावर विभागाची नक्कल वरून चढते, तिच्याखाली चुकून काही राहत नाही. तोच तिचा फायदा आहे."

११. वर्गात एक मुलगी आहे. प्रत्येक गोष्टीला का म्हणून विचारते, म्हणून तिला सगळे काबाई म्हणतात. आदेशाची बातमी कळल्यावर तिने विचारले, "सर, आजी बारा आहेत की एकच?" शेजारचा मुलगा म्हणाला, "एकच गं, पण बारा जागी." त्यावर ती म्हणाली, "मग पुसल्यावर किती उरेल?" बारातून बारा गेले की काय उरते हे अर्जदाराने उभा जन्म शिकवले. काबाईला मात्र त्याने "विचार करून सांगतो" असे उत्तर दिले आहे आणि ती रोज आठवण करते.

१२. वरील सर्व बाबींचा विचार होऊन पुढील विनंती आहे. बारांपैकी सातवा संगणक आहे तसा राहू द्यावा. तो विभागाच्या जाळ्याला जोडू नये, त्याचे नाव स्वयंपाकघर न ठेवता आपण म्हणाल ते ठेवू, आणि तो वाचकांना औषधाचा सल्ला देत नसून फक्त अर्जदाराला देतो, अशी पाटी त्यावर स्वखर्चाने लावू. आवाज कमी करण्याचीही तयारी आहे. पत्नीची त्याला हरकत नसावी. ती मुळात हळूच बोलत असे, टेप करताना अर्जदारानेच तिला मोठ्याने बोल म्हणून सांगितले होते.

१३. ते शक्य नसल्यास तो आवाज तेवढा सोबतच्या कोऱ्या डिस्कवर उतरवून द्यावा आणि तसे तंत्रज्ञांना लेखी कळवावे. अर्जदार एका खोलीत एकटा बसून तो ऐकण्याची सवय करील. आजवर जमले नाही, परंतु मुलांना आपण नेहमी सांगतो की जमेपर्यंत करायचे असते, तेव्हा माघार घेणे बरे दिसणार नाही.

१४. हेही नियमात बसत नसल्यास एवढे तरी मान्य व्हावे. आदेशात सोमवारी सकाळी कामास सुरुवात, असे आहे. ती दुपारी व्हावी. फेरी खिडकीपासून सुरू होऊन दारापर्यंत जाऊ द्यावी आणि सातवा संगणक बोलून झाल्यावर तंत्रज्ञांनी हात लावावा. अर्जदार त्या दिवशी घरून दोन घास खाऊन येईल, गोळी सोबत आणील आणि उठताना पंखा स्वतः बंद करील. कोणी सांगण्याची वेळ येऊ देणार नाही.

सोमवारच्या आत आपले उत्तर येईल या आशेवर थांबलेला,

आपला नम्र,
(सही)
अर्जदार

दिनांक : ११ सप्टेंबर

सोबत :
१. आदेशाची प्रत.
२. बालविभागातील मुलांचे निवेदन. त्यावर शिपाईमामांचीही सही आहे. ती त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर केली आहे.
३. एक कोरी हार्ड डिस्क. भरून मिळाल्यास अर्जदार स्वतः येऊन घेऊन जाईल. कोरीच राहिल्यास परत पाठवू नये.