टमालेतला कूलर

२० डिसेंबर, लोहारा
ठरलं. अंकुरला परत आणायचं. मार्चला सीझन सुरू व्हायच्या आत तो माझ्या कूलरच्या कारखान्यात बसलेला दिसेल. एकुलता एक मुलगा, इंजिनिअर, आणि तिकडे घानात, टमाले नावाच्या गावी, जिनिंगच्या मशिनी दुरुस्त करतो! कापूस काय यवतमाळात पिकत नाही?
त्याने आम्हा दोघांना फिरायला बोलावलंय. मी फिरायला जात नाहीये, त्याला आणायला जातोय. वच्छलाला हे सांगितलेलं नाही. तिच्या पोटात काही राहत नाही.

२७ डिसेंबर
नागपूरला जाऊन पिवळ्या तापाची सुई घेतली. दंड सुजला. यवतमाळच्या डासांनी ज्याचं काही बिघडवलं नाही त्याचं घानाचे डास काय करणार, हे नर्सला सांगितलं. ती म्हणाली, नेक्स्ट.

३ जानेवारी
भांडण. ही माझ्या बॅगेत स्वेटर भरत होती. आफ्रिकेत स्वेटर! ही म्हणाली, अवं, पोरगं सांगून राह्यलं ना, या दिवसात तिथं वाळवंटाचा वारा येते, सकाऊन थंडी राह्यते. पोरगं मला हवामान शिकवणार! मी शेचाळीस डिग्रीत पत्र्याखाली कूलर बनवणारा माणूस.
स्वेटर काढला. त्या जागी पंप, पंखा, मोटर आणि कूलरचं गवत. पेटी तिथेच बनवून घेईन. अंकुरच्या अंगावर घरच्या कूलरची हवा आली की तो आपोआप तिकीट काढेल. प्लॅन पक्का. कारखाना तोवर तनवीर वेल्डर सांभाळेल.

११ जानेवारी, टमाले
आक्राच्या विमानतळावर साहेबाने गवत हुंगून पाहिलं. गुरं कुठे आहेत, असं विचारलं. अपमान.
इथे सकाळी धुकं. अंकुर म्हणतो धुकं नाही, धूळ आहे. सूर्य पिठात बुडाल्यासारखा. वॉचमन लोकरी टोपी घालून शेकत बसला होता. मी बनियनवर फेरफटका मारला. दात वाजले तो प्रवासाचा शीण. हिने शाल पुढे केली, नाकारली. दुपारी पस्तीस डिग्री झालं! मी म्हणालोच होतो. पण हे ऐकायला घरात कोणी नव्हतं.

१५ जानेवारी
ओठ फुटले. टाचा फुटल्या. हसणं बंद केलंय, तसंही कारण नाही.
पत्रेवाला सापडला. चांगली पेटी केली, पण म्हणाला, खरी गरमी मार्चला, आत्ता कशाला? धंद्याची दृष्टीच नाही या लोकांना.
वच्छला दिवसभर शेजारच्या मेमुनाकडे. ती चटईवर भेंडी वाळवते, ही मूगवड्या घालते. सकाळी घातल्या की संध्याकाळी खडखडीत. तिला मराठी येत नाही, हिला इंग्रजी येत नाही, आणि दोघींची बडबड थांबत नाही. माझ्याशी मराठीत बोलायला मात्र हिला वेळ नाही.

१९ जानेवारी
कूलर सुरू! काय हवा! अंकुर कामावरून आला तसा त्याला समोर बसवला आणि विचारलं, कसं वाटतंय? तो शिंकला.

२० जानेवारी
अंकुरला सर्दी. मला ताप. टाकीत लाल चिखल. यात कूलरचा दोष नाही. थंड हवा आणखी थंड करून दिली, दिलेलं काम त्याने केलं.
दोन शाली पांघरल्या. हिच्या समाधानासाठी.

२ फेब्रुवारी
आज सरळ बोललो. आता पुरे झालं, चल. अंकुर म्हणाला, बाबा, मले इथं करमते. मी केलेलं काम इथले लोक माझं मानतात. तुमच्या कारखान्यात मी स्क्रू कसला की तुम्ही मागून येऊन तोच स्क्रू पुन्हा कसता. मंग मी कायले येऊ?
तळपायाची आग मस्तकात गेली. मी स्क्रू पुन्हा कसतो कारण तो ढिला असतो! आणि ही माझी बायको, माझ्या बाजूने एक शब्द नाही. म्हणाली, जेवून घ्या.

१० फेब्रुवारी
अंगणात माझा कूलर. पंप काढलेला, टाकी कोरडी. नुसता पंखा चालू, समोर कुरडया. सगळं गवत मेमुनाने नेलं आणि त्यावर कोंबडी बसवली. अंड्यांवर! मी आरडाओरडा केला. कोंबडी उठली नाही.

२६ फेब्रुवारी
उद्या विमान. अंकुर शुद्धीवर येईलच, मी घाई करत नाही. संध्याकाळी हिची बॅग भरलेली दिसेना म्हणून ओरडलो. ही म्हणाली, मी आंबे खाऊन येतो, तुम्ही व्हा पुढं. अंकुरने व्हिसा वाढवून आणलाय. मला विचारलं नाही. मी म्हणालो, राहा! मला काय फरक पडतो?

५ मार्च, लोहारा
तनवीरने विचारलं, काका, दादा नाही आले? आणि काकू? म्हणालो, दोघं आपली फॉरेनची ब्रँच बघून राह्यले. तो चष्मा चढवून वेल्डिंगला लागला. त्याचाही राग आला.
ऊन तापलंय. घरचा कूलर खिडकीला लावायला काढला. दरवर्षी ही खालून स्टँड धरते आणि मी वरून ओरडतो. आज शिडीवर चढलो, सवयीने ओरडलो, धर गं नीट. मग उतरलो.
कूलर नाही लावला. मला लागतच नाही.
पान्हा हातात होता म्हणून स्टँडचा स्क्रू तेवढा तपासला. अंकुरने जाण्याआधी कसलेला. जोर लावून पाहिला. फिरला नाही. घट्ट होता.